शब्बाथ संपल्यावर

शब्बाथ म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागणारा आणि शनिवारी रात्री संपणारा. शनिवारी दिवस कलला की हसिदी, म्हणजे यहुद्यांमधल्या एका भक्तिपंथाची, मंडळी तिसऱ्या जेवणाला बसतात. शब्बाथची जेवणं तीन: शुक्रवारी रात्रीचं, शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतरचं आणि हे संध्याकाळचं. या तिसऱ्यात पोट भरणं हा हेतू नसतोच. पावाचा तुकडा, थोडा मासा, मग गाणं, आणि गाणं विरलं की गुरूचं बोलणं. बाहेर अंधारून येतं, पण शब्बाथ उतरेपर्यंत नवा दिवा पेटवता येत नाही, म्हणून आतही अंधार. माणसं एकमेकांना चिकटून बसलेली, आणि मधून फक्त एक आवाज येतो.

अशा बैठकीत रेबे नाख्मान, दोनशे वर्षांपूर्वीचे एक हसिदी गुरू, बोलायला लागले की ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही हातात लेखणी नसे. शब्बाथला निषिद्ध ठरलेल्या कामांचे ३९ प्रकार आहेत. त्यांत लिहिणं आहे, आणि दोन अक्षरं लिहिली तरी ते काम ठरतं. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे मराठी यहुद्यांनी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडलं. नियम तोच, फक्त घाण्याच्या जागी लेखणी. तेव्हा जे काही बोललं जाईल ते आकाशात तीन तारे दिसेपर्यंत आणि द्राक्षरस, सुवासिक मसाला व ज्योत यांचा निरोपविधी होईपर्यंत डोक्यातच सांभाळायचं. त्यानंतर कागद.

त्या कागदाशी बसणारा माणूस म्हणजे नेमिरोव्हचे रेब नोसन. मराठी बायबल वाचणाऱ्यांच्या ओळखीचं नाव नाथान. पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या तोंडी त्याचं नोसन झालं. ‘रेब’ हे आदरार्थी, आपल्या ‘राव’ किंवा ‘पंत’सारखं, कोणाही भल्या माणसाला लावावं असं. ‘रेबे’ मात्र एकालाच म्हणायचं, ज्याच्या हाती आपण आपला जीव सोपवला त्याला. नोसन यांनी आयुष्यात हा शब्द ज्यांच्यासाठी मनापासून वापरला ते नाख्मान. सहवास मिळाला फक्त आठ वर्षं, १८०२ ते १८१०. त्या आठ वर्षांचं नोसन यांनी पुढच्या चौतीस वर्षांत काय केलं, हे पाहण्यासारखं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हसिदी पंथ अठराव्या शतकात आजच्या युक्रेनमध्ये उभा राहिला. बाल शेम तोव या नावाने ओळखले जाणारे इस्राएल बेन एलिएझेर हे त्याचे मूळपुरुष. ते १७६० मध्ये वारले. विद्वत्तेइतकाच, कधी जास्तच, भर आनंदावर, प्रार्थनेतल्या तळमळीवर आणि त्साद्दिक म्हणजे सिद्ध पुरुषाशी जोडलं जाण्यावर. व्हिल्नाच्या विद्वानांना हे रुचलं नाही आणि १७७२ मध्ये त्यांनी या पंथावर बहिष्कार पुकारला. त्याच वर्षी मेझिबुझ गावी बाल शेम तोव यांच्या पणतूचा जन्म झाला. तोच नाख्मान.

नोसन यांचा जन्म १७८० मधला, नेमिरोव्हच्या एका सुखवस्तू व्यापाऱ्याच्या घरातला. तेराव्या वर्षी लग्न झालं. सासरे नावाजलेले रब्बी आणि हसिदांचे कडवे विरोधक. जावई तल्लख, तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या महाग्रंथात मुरलेला, पुढे मोठ्या पदावर बसणार असं सगळ्यांनी धरून चाललेलं. पण त्या अभ्यासात नोसन यांचं मन भिजत नव्हतं. ते हसिदी गुरूंकडे जाऊ लागले. परंपरेत एक प्रसंग सांगतात. एका मेळ्यात शनिवारच्या रात्रीच्या जेवणासाठी बेगल, म्हणजे कड्यासारखे पाव, आणायला कोणी जायचं याच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठी नोसन यांची निघाली. एवढ्यासाठीच का मी जन्माला आलो, म्हणून ते एका कोपऱ्यात रडले आणि रडता रडता झोपले. स्वप्नात शिडी दिसली. चढावं, पडावं, आणखी वर चढावं, आणखी वरून पडावं. मग वर एक चेहरा दिसला आणि तो म्हणाला, चढ, पण धरून राहा.

१८०२ मध्ये रेबे नाख्मान ब्रेस्लोव्हला राहायला आले. नेमिरोव्हपासून ते पंधराएक किलोमीटर. नोसन मित्रासोबत तिथे गेले आणि चेहरा ओळखीचा निघाला. शिष्य बावीस वर्षांचा, गुरू तिशीतले. घरी वादळ उठलं. वडील, सासरे, बायको, सगळे विरोधात. नोसन जातच राहिले.

इथपर्यंतची गोष्ट अनेक भक्तांची असते. नोसन यांचं वेगळेपण पुढच्या कामात आहे, आणि त्या कामात शिरल्याशिवाय त्यांची निष्ठा नीट कळणार नाही.

रेबे बोलत यिदिशमध्ये. घरातली, बाजारातली भाषा. मुलांना रागवायची आणि घोड्याला हाकायची भाषा. ग्रंथ मात्र लिहायचा हिब्रूत. म्हणजे ऐकलेलं लक्षात ठेवणं हे पहिलं काम आणि ते दुसऱ्या भाषेत नेणं हे दुसरं. त्यात रेबेंच्या प्रवचनाची घडण अशी, की सुटं वाक्य लक्षात ठेवून काही उपयोग नसतो. सुरुवातीला शास्त्रातलं एक वचन येतं. मग एक कल्पना, आणि लगेच ती दुसऱ्या कल्पनेचं रूप आहे असं सांगणं. हिब्रूत त्याला ‘बखिना’ म्हणतात. ‘हे म्हणजे त्याचंच एक अंग’ असा काहीसा अर्थ. एकेका प्रवचनात हा शब्द डझनांनी येतो. श्वास ते वारा, वारा ते संगीत, संगीत ते राज्य, अशी साखळी वाढत जाते. वाटेत तालमूदमधली एखादी अचाट समुद्रकथा उलगडली जाते, आणि शेवटी सगळं फिरून पहिल्या वचनापाशी येतं आणि त्या वचनातला शब्दन् शब्द नव्याने उजळतो. मधली एक कडी निसटली तर शेवट जुळत नाही. चुकण्याची जागा नेमकी हीच. अर्थ लक्षात राहतो, क्रम हरवतो. आणि इथे क्रम हाच अर्थ आहे.

नोसन आधी पूर्ण साखळी मनात पक्की करत, शब्बाथ संपल्यावर हिब्रूत उतरवत आणि मग रेबेंपुढे ठेवत. रेबे वाचत, खोडत, बदलत. काही प्रवचनं रेबेंनी स्वतः लिहून दिली. त्यांच्या माथ्यावर नोसन यांनी ‘हे गुरूंचे स्वतःचे शब्द’ अशी नोंद केली. काही प्रवचनं इतर सोबत्यांच्या टिपणांतून आली, तर तीही तशीच वेगळी दाखवली. जिथे ऐकलेलं अपुरं होतं किंवा उलगडा झाला नव्हता तिथे तसं लिहिलं. या छोट्या नोंदींमुळे आजच्या वाचकाला प्रत्येक पानावर कळतं की आपण गुरूच्या लेखणीपाशी आहोत की शिष्याच्या कानापाशी. स्वतःचं वाक्य गुरूच्या नावावर सरकवायचा मोह होण्याजोगी बुद्धी नोसन यांच्याकडे होती. ते त्यांनी केलं नाही, आणि याहून मोठी गुरुसेवा मला दाखवता येणार नाही.

या प्रवचनांचा ग्रंथ म्हणजे ‘लिकुते मोहरान’. पहिला भाग १८०८ मध्ये ओस्त्रोगला छापला, रेबे हयात असताना. दुसरा १८११ मध्ये मोगिलेव्हला, रेबे गेल्यानंतर. पहिल्यात २८६ प्रकरणं, दुसऱ्यात १२५. काही आठ-दहा ओळींची, काही अनेक पानांची.

त्यातलं २८२ वं प्रकरण जवळून पाहू, कारण नोसन यांचं पुढचं सगळं काम त्यातून समजतं.

रेबे म्हणतात, प्रत्येक माणसाकडे पाहताना त्याच्या बाजूचंच पाहावं. अगदी दुष्टातही थोडं तरी चांगलं शोधावं, जिथे तो दुष्ट नाही अशी एवढीशी जागा. आधार स्तोत्रसंहितेतला, ३७ व्या स्तोत्राचा १० वा श्लोक: ‘अजून थोडं, आणि दुष्ट नाही.’ सरळ अर्थ असा, की थोडा धीर धरा, दुष्ट नाहीसा होईल. रेबे तो अर्थ वळवतात. ‘अजून’साठी हिब्रू शब्द आहे ‘ओद’. ओद मेआत, अजून थोडं, म्हणजे त्या माणसात अजून उरलेलं थोडं चांगलं. ते सापडलं की तो दुष्ट राहत नाही. श्लोक पुढे म्हणतो, ‘तू त्याची जागा पाहशील, तर तो तिथे नसेल’, का नसेल? कारण तुझ्या शोधण्यानेच तो दोषाच्या पारड्यातून पुण्याच्या पारड्यात सरकला. मग रेबे हेच स्वतःकडे वळवतात. माणूस स्वतःकडे पाहतो आणि त्याला काहीच चांगलं दिसत नाही. एखादं सत्कर्म आठवलंच तर त्यातही दहा दोष सापडतात. तरी त्यात कुठेतरी एक ठिपका चांगला असणारच. तो शोधायचा, मग दुसरा, मग तिसरा. वाजवणारा जसा सूर सूर वेचून चाल बांधतो, तशी या ठिपक्यांची चाल होते. आणि मग १४६ व्या स्तोत्रातलं वचन येतं: ‘अझाम्रा लेलोहाय बेओदी’. सरळ अर्थ, मी असेपर्यंत माझ्या देवाला गाईन. रेबेंच्या कानांना त्यात पुन्हा तोच ‘ओद’ ऐकू येतो: माझ्यात अजून जे उरलंय, त्याच्या बळावर गाईन.

मराठीतल्या ‘अजून’मध्ये हे दोन्ही अर्थ आपोआप येतात, काळाचा आणि उरल्याचा. हिब्रूचा हा खेळ एरवी दुसऱ्या भाषेत मरतो. आपल्याकडे तो जिवंत राहतो.

प्रकरणाशी नोसन यांनी नोंद जोडली आहे, की या शिकवणीसोबत चालत राहा असं रेबेंनी बजावून सांगितलं होतं. ‘शिकवणीसोबत चालणं’ हा ब्रेस्लोव्हकरांचा, म्हणजे रेबेंच्या अनुयायांचा, खास प्रयोग. एक प्रकरण घ्यायचं आणि महिने दोन महिने त्याच्याच डोळ्यांनी खाणं, झोपणं, धंदा, भांडणं पाहायची. वाचून पुढच्या पानावर जायचं नाही.

नोसन या शिकवणीसोबत कसे चालले ते त्यांच्या आठ खंडांच्या ‘लिकुते हलाखोत’मध्ये दिसतं. यहुदी धर्मनियमांचा प्रमाणग्रंथ ‘शुल्हान आरूख’ चार भागांचा आहे: रोजचा आचार, खाण्यापिण्याचे आणि तत्सम विधिनिषेध, विवाह, दिवाणी व्यवहार. नोसन यांनी याच क्रमाने एकेक नियम घेतला आणि प्रत्येकावर रेबेंचं एक प्रकरण लावून दोन्ही उलगडले. सुरुवातच पाहा. नियमग्रंथाचं पहिलं सांगणं असं, की सकाळी सिंहासारखं बळ एकवटून देवाच्या सेवेला उठावं. नोसन तिथे २८२ वं प्रकरण ठेवतात. झोप म्हणजे स्वतःत काहीच चांगलं न दिसणं, निराशेची गुंगी. आणि जाग म्हणजे तो पहिला ठिपका सापडणं. अंथरुणातून उठायचा रुक्ष नियम एकदम माणसाच्या सर्वांत अवघड क्षणाबद्दल बोलू लागतो. कर्ज, भाडेपट्टा, हरवलेल्या वस्तूंची मालकी अशा विषयांवरही त्यांनी हेच केलं. रेबेंचं वाक्य कुठवर ताणलं जाऊ शकतं याची ती जणू कसोटीच होती, आणि नोसन यांची श्रद्धा अशी की ते तुटणारच नाही.

दुसरा प्रयोग प्रार्थनांचा. ‘लिकुते मोहरान’च्या दुसऱ्या भागातलं २५ वं प्रकरण हित्बोदेदुतबद्दल आहे. रोज काही वेळ, शक्यतो तासभर, एकट्याने बसायचं आणि आपल्या रोजच्या बोलीत देवाशी बोलायचं. पुस्तकातली प्रार्थना नको, पवित्र भाषाही नको. जी भाषा पोटातून येते ती. शब्द सुचले नाहीत तर ‘मला बोलता येत नाही’ एवढंच म्हणत राहायचं. तेही न जमलं तर एकच शब्द पुन्हा पुन्हा. त्याच प्रकरणात रेबे सांगतात, की शिकवणीची प्रार्थना करणंही चांगलं. नोसन यांनी ते अक्षरशः घेतलं. प्रकरणाचे मुद्दे सुटे करायचे. प्रत्येक मुद्द्याचं ‘तुझी इच्छा असो की मला हे लाभो’ असं मागणं करायचं. मागण्याआधी आपण त्यापासून किती दूर आहोत हे कबूल करायचं. आणि मग पुढचा मुद्दा. रेबे जिथे म्हणतात ‘स्वतःतला चांगला ठिपका शोधावा’, तिथे नोसन यांची प्रार्थना म्हणते, मला तो दिसत नाही, दाखव. विधान होतं त्याची याचना झाली. हे करताना शिष्य कुठे चुकू शकतो? मागण्याच्या ओघात शिकवण पातळ होऊ शकते, नुसतं रडगाणं उरू शकतं. नोसन यांनी मूळ साखळीचा क्रम सोडला नाही, म्हणून तसं झालं नाही. आजही कित्येक ब्रेस्लोव्हकर प्रकरण वाचून झालं की त्याची प्रार्थना उघडतात.

कथांच्या बाबतीत त्यांचं काम आणखी नाजूक होतं. १८०६ पासून रेबे गोष्टी सांगू लागले: हरवलेली राजकन्या, शहाणा आणि भोळा, सात भिकारी. अशा तेरा गोष्टी १८१५ मध्ये छापल्या, वर हिब्रू आणि त्याच पानावर खाली यिदिश, कारण दोन्ही भाषांत त्या याव्यात अशी रेबेंची इच्छा होती. हिब्रू मजकूर मुद्दाम ओबडधोबड आहे. वाक्यांची ठेवण यिदिशची, काही ठिकाणी व्याकरणाला न जुमानणारी. विद्वान नाकं मुरडतील हे नोसन यांना ठाऊक होतं, आणि प्रस्तावनेत त्यांनी कारणही दिलं: सांगितली तशीच राहावी. त्यांच्या इतर ग्रंथांतली हिब्रू सफाईदार आहे, म्हणजे येत नव्हतं म्हणून असं झालं नाही. ‘सात भिकारी’ ही गोष्ट १८१० च्या वसंतात काही दिवस तुकड्यातुकड्यांत चालली. सहा भिकाऱ्यांचं सांगून झालं. सातवा, पाय नसलेला, राहून गेला. त्याचं आम्हाला ऐकायला मिळालं नाही, एवढं लिहून नोसन यांनी तिथेच लेखणी थांबवली. सहा भिकाऱ्यांच्या साच्यावरून सातव्याची गोष्ट रचणं त्यांना अवघड नव्हतं.

आणि जे गेलं ते? रेबेंचा एक ग्रंथ होता, आज ‘जळालेला ग्रंथ’ म्हणून ओळखला जाणारा. त्याची प्रत नोसन यांनीच स्वतःच्या हाताने केली होती. १८०७-०८ मध्ये रेबे क्षयावर उपचारासाठी लेंबर्गला होते. तिथून त्यांनी शिमोन नावाच्या जुन्या शिष्याला ब्रेस्लोव्हला पाठवलं आणि ग्रंथ जाळायला सांगितलं. तो जाळला गेला. ज्या हातांनी अक्षरं वळवली त्या माणसाला काय वाटलं असेल, याचा विचार मला नेहमी थांबवतो. त्यांनी चोरून एक पान ठेवलं नाही. लिहायला सांगितलं तेव्हा लिहिलं, जाळायला सांगितलं तेव्हा जळू दिलं.

१८१० च्या मे महिन्यात रेबे उमानला गेले. १७६८ च्या कत्तलीत तिथे हजारो यहुदी मारले गेले होते आणि त्यांच्या शेजारी आपल्याला पुरावं असं रेबेंनी ठरवलं होतं. खोकला वाढला होता, रक्त पडत होतं. त्या उन्हाळ्यातल्या एका शब्बाथला लोक जमले, तर रेबे म्हणाले की मला काहीच येत नाही, मी अगदी साधा माणूस आहे. आणि मग त्या साधेपणातूनच बोलत गेले. ‘लिकुते मोहरान’च्या दुसऱ्या भागातलं ७८ वं प्रकरण ते हेच. त्यात नोसन यांनी एक वाक्य यिदिशमध्येच ठेवलं आहे: ‘केन येइश इज गार नित फार हांदेन’, निराशा म्हणून काही नाहीच मुळी. आणि पुढे नोंद, की ‘केन येइश’ हे शब्द रेबेंनी फार लांबवले, मोठ्या ताकदीने आणि विलक्षण खोल असे उच्चारले.

लांबवलेला स्वर कागदावर येत नाही. हिब्रूत स्वरचिन्हं वगळूनच लिहायची रीत, मग स्वराची लांबी कुठली उतरणार? नोसन यांनी मग ती शब्दांत लिहून ठेवली. मरायला टेकलेला, छातीत श्वास न उरलेला माणूस हे शब्द लांबवतो, आणि समोर बसलेला ती लांबीसुद्धा हरवू देत नाही.

सुक्कोथ, म्हणजे मांडवांच्या सणाच्या चौथ्या दिवशी, १६ ऑक्टोबर १८१० ला रेबे गेले. वय ३८. नोसन जवळ होते. आम्हाला कोणावर सोडून चाललात, असं ते ओरडले आणि रेबेंनी चेहरा वळवून पाहिलं, जणू सांगत होते की मी सोडून जात नाही. हे नोसन यांनीच लिहून ठेवलंय. मृत्यूनंतर, आधीच देऊन ठेवलेल्या आज्ञेप्रमाणे, पेटीतले उरलेले कागदही जाळले गेले.

आता खुर्ची रिकामी होती. हसिदी रिवाजात ती रिकामी राहत नाही. मुलगा, जावई किंवा पट्टशिष्य गादीवर बसतो. नोसन तीस वर्षांचे होते आणि त्यांच्याइतकी रेबेंची शिकवण मुरलेला दुसरा कोणी नव्हता. ते बसले नाहीत. त्यांच्यानंतरही कोणी बसलं नाही. इतर हसिदांनी ब्रेस्लोव्हकरांना ‘मेलेले हसिद’ म्हणून हिणवलं, कारण यांचा रेबे मेलेला. ते हिणवणं दोनशे वर्षं त्यांच्यामागे आहे.

पण रिकामी खुर्ची नुसती जपून पंथ टिकत नाही, आणि नोसन हे पुरतं जाणून होते. रेबे असताना शिष्य ठरलेल्या दिवशी जमत: रोश हशाना म्हणजे नववर्ष, हनुक्का या दिव्यांच्या सणामधला शब्बाथ आणि शावुओत हा सप्ताहांचा सण. त्यांतलं नववर्ष, ज्याला बेने इस्राएल ‘नव्याचा सण’ म्हणतात, रेबेंना सर्वांत महत्त्वाचं होतं. १८११ मध्ये नोसन यांनी माणसं गोळा करून उमानला कबरीपाशी नेली. दरवर्षी हेच: पत्रं धाडायची, कचरणाऱ्यांना समजवायचं, गाड्यांची सोय, राहायच्या जागा, प्रार्थनेला दहा पुरुषांचा कोरम. पुढे १८३० च्या दशकात त्यांनी उमानला स्वतंत्र प्रार्थनाघर उभं केलं, म्हणजे दुसऱ्यांच्या मेहरबानीवर सण अडून राहू नये. कबरीपाशी काय करायचं तेही रेबेंनीच दोन साक्षीदारांपुढे सांगून ठेवलं होतं: दानात एक नाणं टाकायचं आणि दहा स्तोत्रं म्हणायची. १६, ३२, ४१, ४२, ५९, ७७, ९०, १०५, १३७ आणि १५०, याच क्रमाने. जो हे करील त्याला मी कानाजवळच्या केसांच्या बटांना धरून नरकातून ओढून काढीन, असं वचन. आज नव्याच्या सणाला उमानला हजारोंनी माणसं जातात, तीच ही वाट.

पुढची वर्षं सोपी नव्हती. घरी छापखाना काढला, तर चुगल्या होऊन तो सरकारी हुकमाने बंद पडला. १८३० च्या दशकाच्या मध्यापासून साव्हरानचे रेबे मोशे त्स्वी यांच्या अनुयायांनी ब्रेस्लोव्हकरांचा छळ मांडला. नोसन यांना ब्रेस्लोव्ह सोडून नेमिरोव्हला राहावं लागलं. हा विरोध यहुदी समाजाच्या आतून, एका हसिदी गुरूच्या नावाने होता, म्हणून अधिक बोचरा. छापताना नोसन जागोजागी ‘वगैरे’ घालून वाक्य तोडतात त्यामागेही हेच होतं: काही गोष्टी शत्रूच्या हातात कोलीत देतील, काही अपरिपक्व वाचकाला पेलणार नाहीत. मला वाटतं, यात त्यांनी सावधपणाची बाजू थोडी जास्तच घेतली. काही ‘वगैरे’ आज नुसत्या भिंती आहेत. पण त्या दिवसांत ज्याच्या दारावर दगड पडत होते त्याच्याकडून याहून वेगळं मागणं अन्याय होईल.

या काळातली त्यांची पत्रं वाचावीत, बहुतेक तुल्चिनला राहणाऱ्या मुलाला, इत्झखाकला लिहिलेली. तारीख त्या आठवड्यात प्रार्थनाघरी वाचायच्या तोरा या धर्मग्रंथाच्या भागावरून. पैशांची, तब्येतीची, प्रवासाची चार वाक्यं असतात, आणि मग रेबेंचं एखादं प्रकरण अशा सहजतेने येतं की ते कुठे सुरू झालं हे कळत नाही. मुलगा खचल्याचं कळवतो आणि बाप दर वेळी तेच उत्तर देतो: पुन्हा नव्याने सुरुवात कर, आजपासून, या क्षणापासून. बाप स्वतः हद्दपार आहे, कर्जात आहे, पण सांगणं ढळत नाही. ‘केन येइश’ची ती लांबी या पत्रांत अशी पुरवून पुरवून वापरलेली दिसते.

रेब नोसन २० डिसेंबर १८४४ रोजी, तेवेत महिन्याच्या दहाव्या दिवशी, उपवासाच्या शुक्रवारी गेले. शब्बाथ लागायला काही तास होते. त्यांची कबर उमानला रेबेंजवळ नाही. ती ब्रेस्लोव्हला आहे, दक्षिण बुग नदीकाठच्या टेकाडावर, जिथे बावीस वर्षांचा मुलगा पंधराएक किलोमीटरवरच्या नेमिरोव्हहून आला होता.